अंगठ्याची नानकटाई

अंगठा बरोबर बसला. चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हातानं डब्यातून न बघताच एक नानकटाई उचललेली, आणि तिच्या मधोमध जो खळगा होता त्यात माझा अंगठा आपसूक जाऊन टेकला, रोजच्या चपलेत पाय जावा तसा. मी खाली पाहिलं. खळगा खोल, एका बाजूला जरा कललेला, वरच्या कडेला नखाची बारीक कोर. मी ती नानकटाई परत डब्यात ठेवली. मग पुन्हा काढली. समोर माझा नवरा संघपाल पेपर वाचत होता, लेक पिंकी आतल्या खोलीत टीव्हीशी भांडत होती, गॅसवर दूध तापत होतं, म्हणजे जगात काही झालेलं नव्हतं. मी डबा ताटात पालथा केला. बाकी साऱ्या नानकटायांवर एकच छाप होता, गोल चक्र आणि चक्राच्या आत ठिपक्यांची माळ. तो छाप कशाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो शिलाई मशीनच्या बॉबिनचा होता, हिवरखेडच्या आमच्या घरातल्या, माझ्या आईच्या मशीनच्या. बारा वर्षांत मी त्या घराचा उंबरा पाहिला नव्हता, आणि ते घर तासाभरापूर्वी मीच मेथीच्या जुडीखाली दाबून स्कूटीवर घेऊन आले होते. दूध उतू गेलं, ते संघपालनं उठून बंद केलं.

विकत घेताना मी काही पाहिलं नव्हतं. अकोल्यात आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी गावबाजार भरतो. खेड्यापाड्यांतल्या बचत गटाच्या बाया पहाटेच्या गाडीनं येतात, चादरी अंथरतात, आणि आम्ही शहरातले लोक तिथं जाऊन गाव विकत घेतो. कुणी डॉक्टरीणबाई अंबाडीच्या पेंडीसोबत फोटो काढून घेते, कुणी निवृत्त साहेब तुरीच्या शेंगा सोलून चाखतात आणि बायकोला सांगतात, ही खरी चव. मला हसू येतं. पण पिशवी माझीही कापडीच असते आणि हिवाळ्यात हुरडा दिसला की माझेही पाय तिथंच अडतात. खरं सांगायचं तर मी भाजीसाठी जातच नाही. भाजी कोपऱ्यावर मिळते. मी जाते ते कान भरून घ्यायला. ‘कावून वो ताई, एवढ्याशाच घेता का?’ असं कुणी डाफरलं की माझा आठवडा बरा जातो. मी स्वतः मात्र तिथं तसं बोलत नाही. मी मुंबई-पुण्याच्या बातम्यांसारखं शुद्ध बोलते, ‘जरा ताजी द्या हं.’ बोलीवरून गाव ओळखतात, गावावरून घर ओळखतात, आणि घर ओळखलं की तोंड वाकडं होतं, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले. त्या दिवशी पिंकीच्या शाळेच्या डब्यासाठी काहीतरी हवं होतं, म्हणून एका चादरीवरून प्लॅस्टिकचा गोल डबा उचलला. बाई म्हणाली, ‘खाऊन तं पाहा.’ मी म्हणाले, ‘नको, घाई आहे.’ घाई कसली होती देव जाणे.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी, तेल्हाऱ्याला, जायचं ही आमच्या लहानपणची सगळ्यात मोठी यात्रा होती. बसस्टँडच्या मागं एक भट्टी होती. एरवी तिथं पाव आणि टोस्ट निघायचे, पण दिवाळीच्या तोंडावर गावोगावच्या बाया आपापला रवा, मैदा, साखर, घरचं तूप घेऊन यायच्या, तिथंच ओट्यावर परातीत तूप फेसायच्या, गोळे करून पत्र्यावर मांडायच्या आणि भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते पत्रे आत सरकवायचे. आत अंधार आणि लाल उजेड. पत्रे सगळ्यांचे सारखे, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी बाटलीचं झाकण दाबायची, कुणी किल्ली, कुणी कंगव्याचे दाते. खूण नसली तर डालड्याच्या नानकटाया तुपाच्या घरी जायच्या आणि मग भट्टीवर जे काही ऐकायला मिळायचं ते दिवाळीच्या फटाक्यांत नव्हतं. आमच्या घरची खूण बॉबिन. ते बॉबिन माझ्या मोठ्या भावाच्या, गोपालच्या ताब्यात असायचं, कारण तो मुलगा होता, आणखी काही कारण नाही. एका वर्षी मी त्यावरून भोकाड पसरलं. आई तूप फेसता फेसता म्हणाली, ‘रडू नको. तुही खून वेगळी. आंगठा दाब.’ मी दाबला. त्या दिवसापासून प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात एक नानकटाई माझी. तिला कुणी हात लावायचा नाही. गोपालनं एकदा चोरून खाल्ली तर आईनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि आमची आई अबोला धरणारी बाई नव्हती. पुढं मी अकोल्याला होस्टेलला आले, तेव्हा एसटीच्या कंडक्टरजवळ डबा यायचा. त्यात एक अंगठ्याची असायचीच, आता आईच्या अंगठ्याची. आम्हा मायलेकींचा अंगठा सारखा आहे, आखूड आणि रुंद. होस्टेलच्या कॉटवर बसून मी त्या खळग्यात आधी अंगठा ठेवायचे आणि मग खायचे. बाबा भट्टीवर कधी यायचे नाहीत. तेल्हाऱ्याला सोबत यायचे, पण बाजार समितीत जाऊन बसायचे आणि परतीच्या एसटीत गरम गरम चार खायचे. पिठात हात घालायला सांगितलं की म्हणायचे, ‘हे बायकायचं काम. आपन फक्त खाऊन सांगनार, चांगली झाली का नाही.’

माझे बाबा, खुशालराव. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धाच आहे. मी दहावीला होते त्या वर्षी कडबा कापायच्या मशीनमध्ये हात गेला. गोपाल शेतात होता, आई विहिरीवर, अंगणात मी एकटी अभ्यास करत होते. मी माझी ओढणी त्या हाताला गुंडाळली आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून दवाखान्यापर्यंत तो हात दोन्ही मुठींत दाबून धरला. बाबा वाटेत एकदाही कण्हले नाहीत. फक्त म्हणाले, ‘जोरानं दाब. लागत नाही.’ जखम भरली तेव्हा शेंडा गेला होता, नख गेलं होतं आणि उरलेला भाग दाबलेल्या गुळाच्या ढेपेसारखा चपटा झाला होता. लिहायला त्रास व्हायचा. सही करताना पेन घसरायचं. मग ते हसून सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणायचे, ‘आता तं अंगठाबहाद्दर बी होता येत नाही गड्या.’ आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्त हसायचे, कारण तो अंगठा मला माझाच वाटायचा. मी धरून ठेवला म्हणून जेवढा उरला तेवढा उरला, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि बाबा ते येईल-जाईल त्याला सांगायचे.

तेच बाबा अंगणात तुरीची रास करत होते, जेव्हा मी संघपालचं नाव घेतलं. नाव ऐकून त्यांना जात कळली. आडनाव विचारावं लागलं नाही. ते काही ओरडले नाहीत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘जा तुले जिथं जायाचं तिथं. पन आजपासून ह्या घरचं पानी बी तुले नाही.’ पाणी. रागात माणूस काहीही बोलतो, पण बाबांनी नेमका तोच शब्द उचलला. ज्यांच्या घरी मी निघाले होते त्यांना पिढ्यान् पिढ्या जे ऐकवलं गेलं, तेच मला ऐकवलं. मला त्या क्षणी वाटलं होतं की चला, मी त्या घरची झालेच. हे आता सांगताना शहाणपणाचं वाटतं. तेव्हा मी फक्त आईकडे बघत होते. आई ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. एक शब्द नाही, हो नाही, ना नाही. बाबांचा राग मला समजला, तो बाहेर होता, त्याच्याशी भांडता आलं असतं. आईचा तो गप्पपणा मी बारा वर्षं उरात घेऊन फिरले. पिंकी झाली तेव्हा दवाखान्यात दार वाजलं की मी बघायचे. प्रत्येक वेळी नर्स यायची.

‘त्यात काय पाहून राहिली एवढं?’ संघपालनं विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेपर घडी घालून बाजूला ठेवला, ताटाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. ‘छाप तिचाच आहे हे नक्की?’ मी म्हणाले, छाप नक्की. अंगठ्याचं नक्की नाही. दिवसभर मी एका तपासणी केंद्रात लोकांच्या रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघते. एका काचेवरून काही म्हणायचं नाही, ही आमची पहिली शिकवण. पीठ उरलं असेल, छाप मारायचा राहिला असेल, उचलताना बोट लागलं असेल. एका नानकटाईवरून आईचं मन वाचायला मी काय ज्योतिषी आहे? संघपाल म्हणाला, ‘तुले वाचायचं आहे ना, वाच. पन एक सांगतो. मले त्यातली नको देऊ. जिथं माझ्या हातचं पानी चालत नाही, तिथलं मले गोड लागत नाही.’ रागानं नाही म्हणाला. साखर नको म्हणावं तितक्या सहज म्हणाला. तो विद्युत कंपनीत इंजिनिअर आहे. अर्ध्या तालुक्याच्या घरांत त्याच्या हातचा उजेड जातो, आणि माझ्या माहेरच्या ओसरीवर तो कधी बसला नाही. अंगठ्याची नानकटाई मी खाल्ली नाही. तिला वाटीखाली झाकून ठेवली आणि आठवडाभर कामावरून आले की वाटी उचलून बघितली. मुंग्यांनी मात्र वाट पाहिली नाही.

पुढच्या रविवारी मी उजाडताच मैदानावर पोचले. धुकं होतं. बाया अजून चादरी झटकत होत्या, कुणी बोरं सुपात पसरत होती, एकजणी संत्र्यांवर पाणी शिंपडत होती. नानकटाईवाली बाई तीच होती. अंगापिंडानं भरलेली, कानावरून मफलर, तोंडाचा पट्टा सुरू. माणिकबाई तिचं नाव, हे तिनं आपणहून सांगितलं. वयानं ती माझ्याएवढीच, म्हणजे मी गेल्यानंतर लग्न होऊन त्या गावात आलेली असणार. मला ओळखण्याचं तिला काही कारण नव्हतं. मी शुद्ध भाषेत म्हणाले, ‘आहेत तेवढे सगळे द्या.’ तिनं मला वरून खाली पाहिलं. ‘लग्न गिग्न हाय का घरी?’ मी म्हणाले, ऑफिसात वाटायचेत. पिशव्या स्कूटीपर्यंत नेल्या, सीटवर डबे मांडले आणि एकेक झाकण उघडत गेले. पहिल्यात अंगठ्याची होती. दुसऱ्यात होती. तिसऱ्यातही. मी उरलेली झाकणंही उघडली. सगळ्यांत होती. प्रत्येक डब्यात एक.

त्या वेळी जे वाटलं ते सांगायला मला लाज वाटते, इतकं ते पोरकट होतं. मला रडू आलं. आनंदानं नाही. सगळ्यांत आहे म्हणजे माझ्यासाठी नाही. आमच्याकडे असंच असतं. एका काचेवर डाग दिसला तर रक्तात काहीतरी आहे, पण दिवसभराच्या सगळ्याच काचांवर तोच डाग दिसला तर रक्त धुतल्या तांदळासारखं स्वच्छ असतं, खोट आपल्या रंगाच्या बाटलीत असते. हे तसंच. पत्र्याच्या कोपऱ्यातला गोळा असा दबत असेल. किंवा आईनं माझी खूण आता धंद्याची खूण केली असेल. डॉक्टरीणबाई खात असेल, निवृत्त साहेब खात असतील, माझी नानकटाई चहात बुडवून अख्खं अकोला खात असेल. मोठ्या हौसेनं पुरावा गोळा करायला गेले आणि पुराव्यानंच तोंडघशी पाडलं. मला आईचा राग आला. बारा वर्षांपूर्वी आला नव्हता इतका. मी एक डबा उचलला आणि तावातावानं परत चादरीपाशी गेले, आणि जाता जाता माझी शुद्ध भाषा कुठं गळून पडली ते मला कळलं नाही.

‘कावून वो बाई, परतेक डब्यात एक दबकी टाकता तुमी?’

माणिकबाईनं डोळे मोठे केले. मग हसली. ‘तुमी तं आमच्याकडल्याच निंगाल्या! मले वाटलं पुन्याच्या.’ मग डबा हातात घेऊन तीच माझ्याआधी तक्रार करायला लागली. ‘काय सांगू ताई तुमाले. हे आमची आशामावशी करते. गटात तिच्या हाताले तोड नाही, पन हे एक खूळ हाय तिचं. लोकं मले बोलतात, एक फुटकी टाकली मनून. मी तिले कितीदा मनलं, मावशी, सगळ्या चकरीच्याच टाकत जाय ना. तं आयकत नाही. मनते, आपला माल अकोल्याले जाते ना? मी मनलं, हाव, जाते. तं मनते, अकोला मोठं हाय बाई. कोनता डबा कोनाच्या घरी जाईन, हे का आपल्याले समजते? मनून सगळ्याईत एक टाकतो.’ तिनं डब्याचं झाकण लावलं आणि मला परत दिला. ‘आता ह्याचा काही अर्थ लागते का, तुमीच सांगा.’

मी उभी होते. शेजारी कुणीतरी तुरीच्या शेंगांवरून घासाघीस करत होतं, लाउडस्पीकरवर हरवलेल्या चावीची घोषणा चालली होती. सगळ्यांत आहे म्हणूनच माझ्यासाठी आहे. हे इतकं सोपं होतं आणि मला, काचा बघणाऱ्या बाईला, दिसलं नव्हतं. बाबांच्या घरातून चिठ्ठी निघाली नसती, फोन निघाला नसता. पण माल निघत होता, उजळ माथ्यानं, गटाच्या गाडीत बसून, सगळ्या गावादेखत. किती रविवार झाले असतील? किती जणांनी ती दबकी म्हणून बाजूला ठेवली असेल? जी बाई ओसरीच्या खांबाला टेकून गप्प उभी होती ती गप्प नव्हतीच. तिच्या बोलण्याची जागा वेगळी होती आणि मी चुकीच्या ठिकाणी कान लावून बसले होते. ‘ताई, बरं नाही वाटून राहिलं का?’ माणिकबाई विचारत होती. ‘पानी देऊ?’ मी हो म्हणाले. हिवरखेडहून आलेल्या तिच्या बाटलीतलं पाणी मी उभ्यानं प्यायले. घोट घशाखाली उतरताना बाबांचं वाक्य आठवलं आणि मला चक्क हसू आलं. निघताना ती मागून ओरडली, ‘डबा वापस आना बरं, डबे पुरत नाही आमाले!’

रिकामा डबा परत द्यायचा नसतो. हे काही कुणी शिकवावं लागत नाही. शेजारणीचा असो की व्याह्याचा, चिमूटभर साखर का होईना, टाकून द्यायची. पण ह्या डब्यात काय टाकायचं? आमच्या घरचं. आणि आमच्या घरचं म्हटलं की प्रश्न पदार्थाचा उरतच नाही. संघपाल म्हणाला, ‘पाठवू नको. त्याईनं आमच्या घरचं खाल्लं नाही मनून आमी काही मेलो नाही. पन तो डबा तसाच्या तसा वापस आला तं तुले झेपनार नाही, आरती.’ तो बरोबर बोलत होता. आतापर्यंत माझ्याजवळ निदान शंका तरी होती, आणि शंकेच्या आधारानं माणूस पुष्कळ वर्षं काढू शकतो. डबा न उघडता परत आला असता तर तीही गेली असती. मी दोन दिवस काही केलं नाही. मग अमरावतीला सासूबाईंना फोन केला. भागीरथाबाईंना आडपडदा नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘एवढा काय इचार करतं? त्याईनं खाल्लं तं खाल्लं, नाही तं गाईले घालतीन. गाय तं खाईन ना? तू पाठोव.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘तुही माय कवाची एकटीच बोलून राहिली. कोनी तं हाव मनावं तिले.’

आमच्याकडे भट्टी नाही आणि ओव्हनही नाही. मी कुकरच्या तळाला मीठ पसरलं, त्यावर ताटली ठेवली आणि शिट्टी काढून झाकण लावलं. तूप मी हातानंच फेसलं, बाबांच्या सुपासारखा एका लयीत हात फिरत राहिला आणि मनगट दुखायला लागलं तरी मी थांबले नाही. पिंकीला ओट्यावर बसवलं. ‘छाप कशाचा मारायचा मम्मी?’ तिनं विचारलं. मी म्हणाले, अंगठा दाब. ‘सगळ्यांवर?’ सगळ्यांवर. तिनं जीभ बाहेर काढून, प्रत्येकीवर जीव लावून अंगठा दाबला. तिचा अंगठा लांब आणि निमुळता आहे, संघपालसारखा. तो बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. आईला ह्यातून तिची नात दिसेल की फक्त परका अंगठा दिसेल? पहिला घाणा खालून करपला, दुसरा पांढराच राहिला. तिसऱ्यातल्या बऱ्या निघालेल्या मी डब्यात भरल्या. संघपाल दारात येऊन उभा राहिला होता. डब्याचं झाकण सैल होतं, ते त्यानं घट्ट लावून दिलं.

‘आशाबाईंनाच द्या. त्यांच्याच हातात,’ मी रविवारी माणिकबाईला म्हणाले. तिनं डबा हलवून पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘तुमी तिच्या कोन?’ मी म्हणाले, गिऱ्हाईक. ती हो म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं. ओसरीवर जाऊन ती डबा कशी देईल, बाबा तिथं बाजेवर असतील का, आई तो लपवील की उघड्यावर ठेवील, ह्याची चित्रं मी सोमवारपासून रंगवत होते. रक्ताच्या काचांत दोनदा चुका करता करता वाचले. त्या पुढच्या रविवारी मैदानावर गेले तर हिवरखेडची चादर नाही. शेजारची बाई म्हणाली, त्यांच्याकडं तूर सोंगून राहिले, हप्ताभर कोनी येत नाही. तूर कापणीचे दिवस, मला माहीत असायला हवं होतं. मला ते कारण पटलंही आणि खोटंही वाटलं. डबा उघडला असेल, ओळखलं असेल, बाबांनी आईचं गटात जाणं बंद केलं असेल. मी एक हाव म्हणायला गेले आणि तिचं जेवढं बोलणं चाललं होतं तेवढंही मीच बंद पाडलं. त्या आठवड्यात मी संघपालशी निष्कारण भांडले. तो ऐकून घेत राहिला, ह्याचाही राग आला.

त्यानंतरच्या रविवारी चादर होती. माणिकबाईनं मला लांबूनच पाहिलं आणि मागच्या पोत्याआडून डबा काढला. स्वच्छ फडक्यात बांधलेला. ‘हे घ्या. मावशीनं देलं. मनली, सांभाळून ने, इकू नको.’ मी विचारलं, आणखी काय म्हणाली? ‘काई नाही.’ आणि बाबा, म्हणजे त्यांचे मालक? ‘काका होते ना. मी डबा देला तवा वसरीतच बसेल होते. मावशीनं झाकन उघडलं, पाहातच राहिली. मंग काकाच्या पुढ्यात ठेवला. मी मंग निंगाली बाई, मले म्हशीचं पाह्याचं होतं.’ म्हैस! मला त्या म्हशीचा जितका राग आला तितका जन्मात कुणाचा आला नसेल. डब्याला वजन होतं. पण वजन तर न खाल्लेल्या डब्यालाही असतं. मी तो तिथं उघडला नाही. भाजी घेतली नाही. स्कूटी हळू चालवत घरी आणली, पायांमध्ये डबा धरून.

संघपाल टेबलाशी होता, पिंकी दूध पीत होती. मी फडकं सोडलं. गाठ आईची होती, ओढली की सुटणारी. झाकण काढलं. आमच्या करपक्या नव्हत्या. त्यातली एकही परत आली नव्हती. वर बॉबिनच्या चक्राच्या होत्या, मी त्या एकेक करून ताटात काढल्या. मग आईच्या अंगठ्याच्या, खोल, एका बाजूला कललेल्या. ह्या वेळी एक नव्हती, अर्धा डबा त्याच होत्या. मी त्याही काढल्या. तळाला, कागदावर वेगळी ठेवलेली, एक राहिली. ती वाकडी होती. पीठ हाताळायची सवय नसलेल्या माणसानं केलेला गोळा, कडेला चिरा पडलेल्या, आणि मधोमध रुंद, चपटा, उथळ दाब. नखाची कोर नाही. शेंडा नाही. मी तिच्यात अंगठा ठेवून पाहिला नाही. ठेवायची गरजच नव्हती. तो हात ट्रॅक्टरवर मी दोन्ही मुठींत धरला होता.

पिंकीनं माझ्या हातातून ती नानकटाई घेतली. खळग्यात आपला अंगठा ठेवून इकडं तिकडं हलवला. ‘मम्मी, ही नीट दबलीच नाही. कोणी केली?’

‘नीटच आहे ती,’ मी म्हणाले. ‘तुझ्या आबाजीनं केली.’

तिचे एक आजोबा आहेत, अमरावतीचे बुधाजी आजोबा, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तिला गोष्ट सांगणारे. आबाजी हा शब्द तिनं ह्या घरात कधी ऐकलेला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग संघपालकडे. ‘आबाजी म्हणजे कोण?’

संघपालनं ताटाकडे पाहिलं, मग पिंकीच्या हातातल्या त्या वाकड्या नानकटाईकडे.

‘मम्मीचे बाबा,’ तो म्हणाला, आणि हात पुढे केला. ‘अर्धी मले दे.’